ग्वांगझूचे ताओताओज्यू : सकाळच्या चहाचे जुने घर आणि कामानिमित्त आलेला पाहुणा

कॅन्टन फेअरसाठी ग्वांगझूला जाणाऱ्या आपल्याकडच्या उद्योजकांना आणि खरेदी अधिकाऱ्यांना ते शहर बहुधा तीनच ठिकाणी भेटते : पाझोऊ येथील प्रदर्शनाची अवाढव्य दालने, हॉटेलची खोली आणि पुरवठादाराच्या कारखान्याकडे नेणारी गाडी. रात्रीचे जेवण एखाद्या भारतीय खानावळीत उरकले जाते आणि चीनमधील माणसे सकाळी उठून काय करतात, कुठे बसतात, कशाबद्दल बोलतात, यातले काहीही न पाहता माणूस परतीच्या विमानात बसतो. १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरणारे हे प्रदर्शन आता तीन टप्प्यांत चालते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये मांडणी बदलण्यासाठी काही दिवस मोकळे असतात. या मोकळ्या दिवसांतील एक सकाळ कशी घालवावी, असे मला कोणी विचारले, तर मी जुन्या शहरातील ताओताओज्यू या चहागृहात जाण्यास सांगते. हे परीक्षण त्या चहागृहाचे आहे आणि त्याबरोबर ग्वांगझूमधील सकाळच्या चहाच्या रिवाजाचेही, कारण तो रिवाज बाजूला ठेवला तर तिथल्या पदार्थांची चव सांगता येईल, पण तिथे का जावे हे सांगता येणार नाही.

पाझोऊहून मेट्रोच्या ८ क्रमांकाच्या मार्गाने पश्चिमेकडे निघाले की गाडी न बदलता ह्वालिन मंदिराच्या स्थानकापर्यंत जाता येते आणि तिथून दिशिफू रस्ता चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या स्थानकाच्या आधीचे स्थानक सांस्कृतिक उद्यानाचे आहे आणि मुंबईशी नाते असलेल्या कोणीही तिथे पाच मिनिटे उतरावे असे मला वाटते. चीनचा पाश्चात्त्य देशांशी होणारा समुद्री व्यापार १७५७ ते १८४२ या काळात एकट्या कॅन्टन, म्हणजे आजच्या ग्वांगझू, बंदरातून होत असे आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारी याच परिसरात नदीकाठी उभ्या होत्या. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन इथे येत आणि इथून चहा व रेशीम जात असे. ज्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी कॅन्टनच्या अनेक सफरी केल्या होत्या आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग या व्यापारातून आलेला होता. अफूने या देशाचे जे केले ते विसरून इथे चहा पिणे मला योग्य वाटत नाही, म्हणून ही नोंद आधी केली.

दिशिफू रस्ता हा शीग्वान या जुन्या भागात येतो. वरचे मजले पुढे आलेले आणि त्यांच्याखाली खांबांची सलग ओसरी, अशी इथल्या इमारतींची रचना असल्यामुळे पावसात किंवा कडक उन्हातही दुकानांसमोरून कोरडे आणि सावलीत चालता येते, आणि ग्वांगझूचे दमट हवामान अनुभवलेल्या माणसाला या रचनेमागचा शहाणपणा लगेच पटतो. ताओताओज्यूची स्थापना १८८० ची, म्हणजे छिंग राजवटीतील क्वांगशू सम्राटाच्या काळातली. दारावरील पाटीची अक्षरे सुधारणावादी विचारवंत कांग यौवेई यांनी लिहिली असे मानले जाते. लेखक लू शुन १९२७ मध्ये काही महिने या शहरात शिकवीत होते, तेव्हा त्यांनीही इथे चहा घेतला होता. बाययुन डोंगरावरील झऱ्याचे पाणी आणून चहा करण्याबद्दल एके काळी या घराची ख्याती होती. आज या नावाच्या शाखा अनेक व्यापारी संकुलांतही आहेत. त्या स्वच्छ आणि सोयीच्या असतील, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने दिशिफू रस्त्यावरील मूळ घरीच जावे, असा माझा आग्रह आहे.

जायचे ते लवकर. सकाळी नऊनंतर, आणि त्यातही शनिवार-रविवारी, क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बाहेर थांबावे लागते. कामाच्या दिवशी लवकर पोहोचले तर आत बहुतेक टेबलांवर सत्तरीच्या पुढची माणसे दिसतात. कोणी वर्तमानपत्र पसरून बसलेले असते, कोणी नातवाला मांडीवर घेऊन त्याला पावाचे मऊ तुकडे भरवीत असते, चार मैत्रिणी एकाच वेळी बोलत असतात आणि तरी प्रत्येकीचे प्रत्येकीला ऐकू जात असते. आवाज मोठा असतो. शांत जागी निवांत चहा प्यावा अशी कल्पना करून येणाऱ्याचा इथे हिरमोड होईल. पण हा गलका भांडणाचा नसून भेटण्याचा आहे, हे थोड्या वेळाने कानाला कळू लागते. तुम्ही कोण, किती वेळ बसणार, याची चौकशी कोणी करीत नाही आणि परदेशी चेहऱ्याकडे टक लावून पाहतही नाही. कामाच्या प्रवासात आपण सतत कोणाचे तरी गिऱ्हाईक असतो, कोणी तरी आपली मर्जी राखत असतो. या सभागृहात तसे काही नसते आणि त्याचाच मला सर्वांत अधिक विसावा वाटला.

बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो कोणता चहा हवा याचा, पदार्थांचा विचार नंतर. चहाचे पैसे माणशी घेतले जातात आणि किटलीत गरम पाणी हवे तितक्या वेळा भरून मिळते. जास्मिनच्या फुलांचा सुगंध दिलेला चहा, फूच्येन प्रांतातील तिएग्वानयिन, युनानचा आंबवलेला पु-अर, शेवंतीची फुले घातलेला पु-अर, चाओचौ भागातील डानछोंग असे प्रकार असतात. दूध-साखरेच्या चहाची सवय असलेल्या आपल्या माणसाने पहिल्या दिवशी शेवंतीचा पु-अर मागवावा, असे मी सुचवीन. त्याचा रंग गडद, चव मातीसारखी खोल, आणि तेलकट पदार्थांनंतर तो पोटाला हलका वाटतो. शेवंतीमुळे त्या खोल चवीला थोडा सौम्यपणा येतो. हिरवा चहा नाजूक असतो, किटलीत फार वेळ राहिला की कडवट होतो, आणि या बैठका तर तासन्‌तास चालतात.

पहिल्या किटलीतील चहाने वाट्या, पेले आणि काड्या धुण्याचा रिवाज आहे. टेबलावर त्यासाठी एक मोठा वाडगा ठेवलेला असतो. वाटीत पेला आडवा धरून त्यावर गरम चहा ओतायचा, पेला फिरवायचा, आणि ते पाणी वाडग्यात टाकायचे. भांडी आधीच धुतलेली असतात हे सर्वांना ठाऊक असते, तरीही घरातील धाकटा माणूस सर्वांची भांडी अशी धुऊन देतो आणि त्यातून मोठ्यांविषयीचा आदर दिसतो. चहा ओतण्याचेही असेच आहे. आपला पेला रिकामा असला तरी आधी शेजाऱ्याचा भरायचा, मग समोरच्याचा, आणि आपला सर्वांत शेवटी. किटलीचे तोंड कोणाकडे रोखलेले राहणार नाही याची काळजी घ्यायची. किटली रिकामी झाली की हाक न मारता झाकण थोडे सरकवून किंवा उलटे करून ठेवायचे. वाढपी येता-जाता पाहतो आणि पाणी भरून जातो.

कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की वाकवलेल्या दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची. दंतकथा अशी की छ्येनलोंग सम्राट वेषांतर करून दक्षिणेत फिरत असताना त्याने चहागृहात आपल्या सेवकाच्या पेल्यात स्वतः चहा ओतला. सेवकाला गुडघे टेकून नमस्कार करता येईना, कारण त्याने सम्राट ओळखला गेला असता, म्हणून त्याने बोटे गुडघ्यांसारखी वाकवून टेबलावर टेकवली. कथा खरी असो वा नसो, त्या टकटकीची सोय मात्र मोठी आहे. बोलणारा बोलत राहतो, ऐकणारा ऐकत राहतो, चहा भरला जातो, आभार पोहोचतात, आणि संभाषणाचा धागा कुठेही तुटत नाही. प्रदर्शनात दुभाष्याच्या मदतीने दर आणि मुदती ठरवून थकलेल्या माणसाला, भाषेचा एकही शब्द न येता कोणाशी तरी नीट वागता आल्याचे समाधान या दोन बोटांनी मिळते.

आता पदार्थ. वाफवलेले, तळलेले, भाजलेले असे छोटे छोटे प्रकार दोन-तीन-चारच्या संख्येने येतात आणि ते सर्वांनी वाटून खायचे असतात. म्हणून चार जणांनी जावे, एकट्याने गेले तर तीन प्रकारांतच पोट भरते. या शहरात चहागृहाची पारख हार गाऊवरून, म्हणजे कोळंबीच्या वाफवलेल्या पुडीवरून, केली जाते. तिचे आवरण गव्हाच्या पिठातील प्रथिन काढून टाकल्यावर उरणाऱ्या सत्त्वाचे असते, म्हणून वाफेवर ते जवळजवळ पारदर्शक होते आणि आतील गुलाबी कोळंबी दिसते. उकडीच्या मोदकाला जशा कळ्या पाडतात, तशा हिला एका बाजूने चुण्या पाडतात, आणि त्या किती, कशा सारख्या आहेत, यावरून हात ओळखला जातो. आवरण काडीने उचलताना फाटता कामा नये, आणि दाताला चिकटताही कामा नये. ताओताओज्यूची हार गाऊ या दोन्ही कसोट्यांना उतरते. कोळंबी ताजी, चावताना कुरकुरीत म्हणावी इतकी घट्ट, आणि तिच्यात मीठ-साखरेपलीकडे फारसे काही जाणवत नाही. आपल्या मसाल्यांच्या जिभेला सुरुवातीला हे फिके वाटेल, परंतु कॅन्टनच्या स्वयंपाकाचा सगळा अभिमान मूळ वस्तूची चव झाकू न देण्यात आहे, हे लक्षात घेऊन दुसरी पुडी खावी.

तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली सुरळी, जिला चेउंग फन म्हणतात, मला तिथला सर्वांत निगुतीचा पदार्थ वाटला. पीठ तव्याएवढ्या ताटात पातळ पसरून वाफवतात, अलगद सोडवून गुंडाळतात, आणि वर किंचित गोडसर सोया सॉस घालतात. कोकणातल्या घावनाच्या तांदळाची चव जिला ठाऊक आहे त्या जिभेला ती परकी वाटणार नाही. मा लाय गो हा तपकिरी, जाळीदार, वाफवलेला केक चहाबरोबर फार चांगला लागतो. इंग्रजीत 'वॉटर चेस्टनट' म्हणतात त्या पाणकंदाची थरथरणारी वडी हलकी आणि थंडावा देणारी असते. अंड्याच्या कस्टर्डचे टार्ट गरम असतानाच खावेत. पाच मिनिटांनी त्यांचे तेज जाते. मुळ्याची वडी वाफवून मग तव्यावर परततात आणि बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत अशी ती येते. कोंबडीचे पाय हा तिथल्या ज्येष्ठांचा लाडका प्रकार आहे. मला तो जमला नाही, पण शेजारच्या टेबलावर ज्या चिकाटीने आणि आनंदाने तो खाल्ला जात होता ते पाहता दोष पदार्थाचा नाही.

शाकाहारी वाचकांना मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे की हे घर त्यांच्यासाठी सोपे नाही. मुळ्याच्या वडीत सुकी कोळंबी आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज असते, हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस घातलेला असू शकतो, आणि गोड पदार्थांच्या पिठातही डुकराची चरबी वापरण्याची जुनी पद्धत आहे. मासे खाणाऱ्या, पण डुकराचे मांस न खाणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना हे ठाऊक नसते की हार गाऊच्या सारणातही रसाळपणासाठी डुकराची चरबी मिसळण्याची प्रथा आहे. 'मी शाकाहारी आहे' एवढे सांगून भागत नाही, कारण मांसाचे तुकडे नसले म्हणजे झाले असा अर्थ घेतला जातो. मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको, ऑयस्टर सॉस नको, प्राण्यांची चरबी नको, असे चिनी भाषेत वेगवेगळे लिहून घ्यावे आणि तो कागद दाखवावा. साधी चेउंग फन, वरचा सॉस वेगळा मागवून, लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि पाणकंदाची वडी, एवढ्यावर सकाळ निभावते. ज्यांना पथ्य कडक पाळायचे आहे त्यांनी चहागृहात फक्त चहा घ्यावा आणि जेवणासाठी बौद्ध मंदिरांच्या आसपास असलेल्या शाकाहारी भोजनगृहांकडे वळावे. तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असते, त्यामुळे जैन मंडळींना त्यांचा विशेष उपयोग होईल.

मागणी नोंदवणे आणि पैसे देणे ही परक्या माणसाची खरी अडचण. पूर्वी टेबलावर एक कार्ड असे, पदार्थांचे लहान, मध्यम, मोठे, विशेष असे दर्जे त्यावर छापलेले असत, आणि प्रत्येक टोपलीबरोबर वाढपी त्यावर शिक्का मारी. आता बहुतेक चहागृहांत टेबलावरील चौकोनी सांकेतिक चित्र (क्यूआर कोड) मोबाईलने टिपून पदार्थ निवडायचे असतात आणि ती यादी चिनी भाषेत असते. अलीपे आणि वीचॅट या मोबाईलवरून पैसे देण्याच्या दोन्ही सेवांना परदेशी बँकांची कार्डे जोडता येतात. ती मुंबईहून निघण्यापूर्वीच जोडून, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करून घ्यावी. तरीही थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. माणशी साधारण शंभर युआन धरून चालावे, आणि त्या मोबदल्यात जे मिळते ते पाहता हा खर्च मला मुळीच जास्त वाटत नाही.

प्रदर्शनाजवळच्या एका चकचकीत व्यापारी संकुलातील, दुसऱ्याच नावाच्या चहागृहात मी हाच रिवाज अनुभवला, आणि तिथे दीड तास झाल्याबरोबर टेबल रिकामे करण्याची सूचना आली. पदार्थ चांगले होते, मांडणी छायाचित्रांसाठी केलेली होती, पण पेल्यात चहा भरून शेवटची गोष्ट सांगणाऱ्या शेजारच्या आजोबांना वाक्य अर्धवट सोडून उठावे लागले तेव्हा मला फार वाईट वाटले. सकाळच्या चहातून वेळ काढून घेतला तर उरते ती केवळ न्याहारी, आणि न्याहारी त्या शहरात रस्त्यावरच्या कोणत्याही गाड्यावर याहून स्वस्त आणि तितकीच चविष्ट मिळते.

पुरवठादाराने सकाळच्या चहाचे आमंत्रण दिले तर ते नाकारू नये, मग दुपारची एखादी भेट पुढे ढकलावी लागली तरी चालेल. टेबलावर पहिला तासभर दराचा विषय निघत नाही. मुले काय शिकतात, आईवडील कसे आहेत, गावाकडे पाऊस कसा झाला, याच गोष्टी चालतात. घाईने कागद काढणाऱ्या पाहुण्याकडे यजमान अवघडून पाहतो. एका ज्येष्ठ पुरवठादारांशी आमचा मालाच्या मुदतीचा तिढा बैठकीच्या खोलीत अनेक आठवडे सुटत नव्हता. चहाच्या टेबलावर त्यांनी आपल्या साच्यांच्या कारागिराच्या आजारपणाबद्दल सांगितले आणि उशिराचे खरे कारण तेव्हाच आम्हाला समजले. मुदत आम्ही त्यानुसार बदलली आणि पुढचा माल वेळेवर आला. आकडे बोलताना तिथली माणसे एका हाताच्या बोटांनी सहापासून दहापर्यंतच्या खुणाही करतात. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी ताणलेली म्हणजे आठ. या खुणा आधी शिकून घेतल्या तर गोंगाटातही दर चुकत नाहीत. बिल देण्यासाठी शेवटी थोडी ओढाताण होतेच. यजमानाला देऊ द्यावे, मात्र पुढच्या वेळी हात धुण्याचे निमित्त करून आधीच पैसे भरून यावे. हे तिथे मोठ्या प्रेमाचे मानले जाते.

याच रस्त्यावर १८८९ मध्ये सुरू झालेले ल्येनश्यांगलोऊ हे दुसरे जुने घर कमळबियांच्या सारणासाठी नावाजलेले आहे. शरद ऋतूतील चंद्रोत्सवाच्या सुमारास गेलात तर दोन्ही घरांच्या चंद्र-केकच्या डब्यांसाठी गर्दी असते. घरी न्यायचे असल्यास आतमध्ये खारवलेल्या अंड्याचा बलक आहे का आणि चरबी वापरली आहे का, हे आवर्जून विचारावे. चहा न्यायचा असेल तर चहागृहातील सुंदर डबे घेण्याऐवजी चांगशौ रस्त्याच्या स्थानकावरून मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने दोन स्थानके पुढे फांगत्सुन येथे उतरावे. तिथे चहाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे, आणि दुकानदार खुर्ची पुढे करून तीन-चार प्रकार करून पाजल्याखेरीज वजनकाट्याकडे जात नाही. पु-अरची दाबून केलेली चकती बहुधा ३५७ ग्रॅमची असते आणि अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधलेल्या मिळतात. घरासाठी एक चकती पुरते, ती कोरड्या, वास नसलेल्या जागी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, फक्त आपल्या स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यांपासून तिला दूर ठेवावे.